क्रमांकपंत

कोर्टाच्या आवारात वकील ओळखू येतो काळ्या कोटावरून, पक्षकार ओळखू येतो उतरलेल्या तोंडावरून आणि क्रमांकपंत ओळखू येतात एका प्रश्नावरून. "हा आकडा हातानं टाकलाय का?" जप्त केलेला कोयता समोर धरून फौजदार ज्या सुरात "हा तुझाच ना?" विचारतो, अगदी तोच सूर.

हे गृहस्थ महाराष्ट्रातल्या कुठल्याही बऱ्यापैकी चालणाऱ्या वकिली चेंबरमध्ये सापडतात. वय पंचेचाळीसच्या पुढे. एलएलबीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत पोचलेले, मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांची टायपिंगची परीक्षा कधीकाळी पास झालेले, आणि टाइपरायटर गेला तेव्हा त्याच्याबरोबर न गेलेले. दारावरच्या पाटीत त्यांचं नाव नसतं, वकीलपत्रावर सही नसते. पण चेंबरमधला एकही दस्त त्यांच्या कॉम्प्युटरवरून गेल्याशिवाय प्रिंटरपर्यंत पोचत नाही. पाळण्यातलं नाव काही का असेना, ज्युनिअर मंडळी पाठीमागे 'क्रमांकपंत' म्हणतात आणि समोर नुसतं 'पंत'.

पंतांची श्रद्धा अशी, की दस्तातला आकडा लिहायचा नसतो, तो यायचा असतो. आपण एवढंच सांगायचं: हे कलम, हे उपकलम, हे त्याच्या पोटातलं. कितवं, ते वर्ड बघून घेईल. मधे एखादं कलम घुसलं की खालची सगळी मुकाट्यानं सरकतील, एखादं उडालं की वर येतील. त्यासाठी 'हेडिंग वन', 'हेडिंग टू' या स्टाइल्स मल्टिलेव्हल लिस्टच्या पातळ्यांना जोडाव्या लागतात. 'डिफाइन न्यू मल्टिलेव्हल लिस्ट' उघडायचं, 'मोअर' दाबायचं, आणि 'लिंक लेव्हल टू स्टाइल'च्या चौकटीत पातळीगणिक एकेक स्टाइल बसवायची. हे करताना पंतांच्या चेहऱ्यावर अशी काही एकाग्रता असते, की नव्यानं आलेल्या ज्युनिअरला वाटतं, आत काहीतरी कायद्याचं चाललंय. "लोक 'मोअर' दाबतच नाहीत हो," ते हळहळतात. "अर्धी चौकट जन्मभर झाकलेलीच राहते."

एवढ्याशा आकड्याचं एवढं काय, असं ज्यानं कधी दावा लावला नाही तोच विचारील. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची. तिच्या सहाव्या आदेशाचा दुसरा नियम म्हणतो, की वादपत्रात गरजेप्रमाणे परिच्छेद पाडावेत आणि त्यांना ओळीनं क्रमांक द्यावेत. त्याच आदेशाचा पंधरावा नियम आणखी कडक आहे. शेवटी जे सत्यापन करायचं, त्यात कुठल्या क्रमांकाचा मजकूर स्वतःच्या माहितीतला आणि कुठल्या क्रमांकाचा ऐकीव, हे आकड्यांनिशी सांगायचं. पुढे प्रतिवादी कैफियत देणार, तीही आकड्यांवरच: "कलम ५ मधील मजकूर खोटा व लबाडीचा असून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही." आणि जे स्पष्टपणे नाकारलं नाही ते कबूल केल्यासारखं धरलं जातं. म्हणजे कोण काय डोळ्यांनी पाहिलं म्हणतोय आणि कोण काय झिडकारतोय, हे सगळं त्या समासातल्या बारीक आकड्यांवर टेकलेलं.

यावर पंतांची एक कथा ठरलेली आहे. घडलेली की रचलेली, हे विचारायचं नसतं. वाटपाचा दावा. सत्यापनात लिहिलं होतं, कलम १ ते ६ माझ्या स्वतःच्या माहितीप्रमाणे आणि ७ ते ११ मिळालेल्या माहितीवरून खरे. आकडे अर्थातच हातानं टाकलेले. दाखल करायच्या दिवशी सकाळी वकीलसाहेबांना वाटलं, वंशावळ आधी यायला हवी. ती दुसऱ्या कलमात घुसवली, खालचे नंबर घाईघाईनं वाढवले, सत्यापन तसंच राहिलं. झालं काय, की खापरपणजोबांची तीन लग्नं वादीच्या स्वतःच्या माहितीत गेली, आणि जुनं सहावं कलम, 'वादी विवाहित असून त्यास दोन अपत्ये आहेत', सातवं होऊन ऐकीवात पडलं. उलटतपासणीत समोरच्या वकिलानं अतिशय सौजन्यानं विचारलं, "आपल्याला दोन अपत्यं आहेत, ही माहिती आपल्याला कुणाकडून मिळाली?"

कथा संपली की पंत समोरच्याकडे तीन सेकंद बघतात आणि कंट्रोल, शिफ्ट, आठ दाबतात. पडद्यावर एरवी न दिसणारं सगळं दिसायला लागतं. स्पेसबारचं प्रत्येक टिचकं एक टिंब, प्रत्येक टॅब एक बाण. ज्युनिअर मॅडमनी आठ ओळींत शीर्षक मधोमध आणण्यासाठी जो उद्योग केलेला असतो, तो मुंग्यांच्या रांगेसारखा उघडा पडतो. "एमएससीआयटी झालंय ना तुमचं?" पंत मृदूपणे विचारतात. सर्टिफिकेट फ्रेम करून घरी लावलेलं असतं. त्यावर काही बोलण्यासारखं नसतं.

पंतांचा खरा सामना मात्र वकीलसाहेबांशी. साहेब येरझारा घालत मजकूर सांगतात आणि 'नवीन पॅरा' म्हणताना हवेत बोट उडवतात. त्यांच्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे खाडाखोड न दिसणारा टाइपरायटर. सकाळी साडेदहाला, अकराचं कोर्ट डोक्यावर असताना, ते प्रिंटवर पेनानं '४-अ' असं लिहून एक अख्खा परिच्छेद देतात.

"अ कशाला साहेब? पाच होईल की."

"मग पाचचं काय?"

"ते सहा होईल."

"आणि सहाचं?"

"सात. सगळं आपोआप होतं साहेब, तुम्ही बघत राहा फक्त."

"अहो पंत, युक्तिवाद मी जुन्या नंबरांवर पाठ केलाय!"

इथे पंत हरतात. साहेबांच्या डोक्यातला सात आणि दस्तातला सात यांना जोडणारं फील्ड अजून निघालेलं नाही. ४-अ जातो. तो हातानं टाकावा लागतो आणि त्या दिवशी पंत डबा अर्धाच खातात.

क्रॉस-रेफरन्स हा पंतांचा हळवा विषय. 'कलम ७ मध्ये नमूद केल्याप्रमाणे' यातला सातही त्यांना जिवंत हवा असतो. मूळ कलम हललं की यानंही हलायला पाहिजे. तो जिवंत करता येतो, पण आपणहून हलत नाही. कंट्रोल ए करून एफ नाइन दाबावं लागतं. पंत घरी जाताना पंखा, दिवे आणि एफ नाइन या क्रमानं दाबतात. त्यांच्या अनुपस्थितीत कुणी मूळ कलमच खोडलं असेल, तर दाबल्याबरोबर तिथे ठळक अक्षरांत उमटतं: एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड. असंच एक साठेखत एका चेंबरमधून बाहेर गेल्याचं सांगतात. 'लिहून घेणार यांनी उर्वरित रक्कम एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड यात नमूद मुदतीत द्यावी.' दोन्ही पक्षांनी वाचलं, मान डोलावली आणि अंगठे, फोटो, सह्या सगळं रीतसर केलं. इंग्रजीत आहे म्हणजे कायद्याचंच असणार.

मराठी दस्तात पंतांचे हाल वेगळे. युनिकोड येऊन जमाना झाला तरी कोर्टाभोवती श्रीलिपी आणि कृतिदेव सुखानं नांदतात. कृतिदेवमध्ये टिंबाच्या कळीवर अर्धा ण बसलेला. त्यामुळे आपोआप येणारा आकडा त्या फाँटमध्ये गेला की '1.'च्या जागी एकापुढे अर्धा ण लोंबकळतो. पक्षकाराला तो कुठल्यातरी शब्दाचा उरलेला तुकडा वाटतो. शिवाय आपल्याला उपकलमं अ, ब, क, ड अशी लागतात आणि हा क्रम बाराखडीत नाही. सुदैवानं फार थोड्या दस्तांना 'ड'च्या पुढे जायचं असतं. जे गेले त्यांना इ, फ, ग करत रेटावं लागलं. यातल्या 'ह'पर्यंत पोचलेला एक विकसन करारनामा पंतांनी जपून ठेवला आहे.

मर्जी बसली तर पंत ज्युनिअरला एक गुपित देतात. मजकूर साधा असून आकडाच ठळक का दिसतो? सगळे आकड्यावर टिचक्या मारतात, तो निवडला जात नाही, रडकुंडीला येतात. आकड्याचं रूप परिच्छेदाच्या शेवटी असलेल्या, एरवी अदृश्य खुणेकडून येतं. तिचा ठळकपणा काढा, आकडा सुधारेल. हे सांगताना ते दार लोटून घेतात.

आणि तरी त्यांच्या भक्तीत एक मोठी पंचाईत आहे, ती त्यांनाही ठाऊक आहे. कोर्टात जातो तो कागद. कागदावर हातानं टाकलेला सात आणि पंतांचा सात यांत काडीचा फरक दिसत नाही. न्यायाधीशांना दिसत नाही, समोरच्या वकिलाला दिसत नाही, पक्षकाराला तर आकडाच दिसत नाही, त्याला फी दिसते. गवयाची चूक आणि करामत दोन्ही ऐकू येतात. पंतांची करामत म्हणजे चूक न दिसणं. पंचवीस पानांची कैफियत एकही आकडा न चुकता गेली, तर त्या दिवशी चेंबरमध्ये कुणी काही बोलत नाही. तेच त्यांचं बक्षीस. मला तर वाटतं, मुद्दाम एखादा घोळ घालून तो सर्वांदेखत निस्तरण्याचा मोह त्यांना होत असणार. पण मूळचा स्वभाव सज्जन.

घोळ तसा त्यांच्यावरही येतो. जुन्या दस्तांतून उचलून चिकटवलेल्या कलमांनी फाइल इतकी बिघडते, की एके दिवशी उघडल्यावर आकड्यांच्या जागी काळे चौकोन उभे असतात. मृत्यूची बातमी आल्यासारखे पंत चष्मा काढतात. कुणाला दोष देत नाहीत. सगळा मजकूर साध्या रूपात नव्या फाइलीत नेतात आणि पहिल्या कलमापासून स्टाइल चढवायला घेतात. या वेळी त्यांना चहा विचारायचा नसतो, नुसता ठेवून जायचा असतो.

वर्डच्या यादीत पातळ्या नऊ. गृहनिर्माण संस्थेच्या उपविधींनाही इतक्या लागत नाहीत. पंतांनी मात्र नऊच्या नऊ लावून ठेवलेल्या आहेत. "नवविधा भक्ती," ते म्हणतात, आणि इथून गाडी दासबोधाकडे वळते. वीस दशक, प्रत्येकाचे दहा समास, प्रत्येक ओवीला आकडा. चौथ्या दशकात नऊ समास नऊ भक्तींचे आणि दहावा मुक्तीचा. "समर्थांनी मधे कुठे ४-अ घातलाय का?" हा प्रश्न साहेब केबिनमध्ये असतील तेव्हा जरा मोठ्यानं विचारला जातो.

संसदेबद्दल पंतांचं मत फारसं बरं नाही. १८६० चा दंड संहितेचा कायदा घ्या. १९८३ साली हुंडाछळाचं कलम घालायचं ठरलं, तेव्हा सरळ ४९९ करून पुढची सरकवायची सोडून ४९८-अ केलं. घटनेत तेच, ५१-क. कारण उघड आहे. शंभर-सव्वाशे वर्षांचे निवाडे, फिर्यादी, पुस्तकं जुन्या आकड्यांवर उभी; त्यांना एफ नाइन लागू नाही. हे पंतांना कळतं, पण पटत नाही. मग १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ५११ कलमांच्या जागी ३५८ कलमं आली. खुनाचं ३०२ गेलं १०३ वर, फसवणुकीचं ४२० गेलं ३१८ मध्ये. जमावबंदीचं १४४ सुद्धा दुसऱ्या संहितेत १६३ झालं. चेंबरमध्ये सगळे जुन्या-नव्या कलमांचा तक्ता काचेखाली सरकवत होते तेव्हा पंत आठवडाभर अंगात नवा सदरा घातल्यासारखे वावरत होते. अखेर कुणीतरी देशाची यादी नव्यानं मांडली होती. आठव्या दिवशी एक पक्षकार आला आणि म्हणाला, "साहेब, भावानं माझ्याशी चारसोवीशी केली." ज्युनिअर मॅडमनी दुरुस्ती सुचवली. त्यानं ती ऐकून घेतली आणि पुन्हा चारसोवीशीच म्हणाला. पंत उठून पाणी प्यायला गेले.

साठी जवळ आल्यावर त्यांनी स्वतःचं मृत्युपत्र करायला घेतलं. दुसऱ्यांची केलेली असल्यामुळे नमुना हाताशी होता, पण तो त्यांनी बाजूला ठेवला आणि कोऱ्या फाइलीपासून सुरुवात केली. सहा कलमं, प्रत्येकाला उपकलमं, परिशिष्ट अ ते क, चतुःसीमेला वेगळी स्टाइल, निष्पादकाच्या अधिकारांना मागच्या कलमांचे जिवंत संदर्भ. रविवारचे रविवार गेले. एकदा वहिनींनी चहा ठेवता ठेवता पडद्यावर डोकावून पाहिलं. ३.१, ३.२, ३.२.१ असे आकडे ओळीनं उभे होते, एकाच रेषेत, आणि प्रत्येकापुढे रिकामी जागा.

"अहो, घर कोणाच्या नावावर करताय?"

"ते भरू की सावकाश. आधी तिसरी पातळी बसू दे."