ल माँ व्हाया मानखुर्द

गाड्यांच्या व्हिडिओ गेममधली शर्यत पाच मिनिटांची असेल तर खेळायला बोटं लागतात, अर्ध्या तासाची असेल तर डोकं लागतं आणि चोवीस तासांची असेल तर घरचे लागतात. हे गेम बनवणाऱ्या जपानी कंपनीला ठाऊक असण्याचं कारण नाही. तिथली माणसं बहुधा एकेकट्या खोलीत बसून खेळत असावीत. आम्ही मानखुर्दला, लल्लूभाई कंपाउंडमध्ये, 225 चौरस फुटांत पाच जण राहत होतो, आणि टीव्ही एक होता.

गेम होता ‘ग्रान टुरिस्मो 4’. जपानात तो 2004 च्या डिसेंबरात आला आणि लॅमिंग्टन रोडवर चिप मारून घेतलेल्या आमच्या प्लेस्टेशन 2 पर्यंत यायला त्याला फार वेळ लागला नाही. त्यात फ्रान्समधल्या ल माँची चोवीस तासांची शर्यत होती. चोवीस तासांची म्हणजे नावापुरती नव्हे. घड्याळ लावून चोवीस तास, आणि मधे सेव्ह करायची सोय नाही. ल माँचा ट्रॅक साडेतेरा किलोमीटरहून थोडा जास्त, चांगली गाडी असली की एक फेरी चार मिनिटांच्या आत. त्यात एक सरळ रस्ता सुमारे सहा किलोमीटरचा आहे. आपला घाटकोपर–मानखुर्द उड्डाणपूल सुमारे तीन किलोमीटरचा, म्हणजे तसे दोन पूल एकापुढे एक जोडायचे आणि वरून सगळी वाहतूक काढून टाकायची. ही कल्पना मानखुर्दच्या माणसाला इतकी सुखाची वाटते की पहिल्या दहा फेऱ्या नुसत्या त्या मोकळ्या रस्त्याच्या कौतुकात जातात. अकराव्या फेरीला तीच झाडं, तोच पूल, तोच जाहिरातीचा फलक. विसाव्या फेरीला आपण फलकावरचं फ्रेंच मोठ्याने वाचायला लागतो. खऱ्या शर्यतीत 2010 साली जिंकलेल्या ऑडीने 397 फेऱ्या मारल्या, 5,410 किलोमीटर. मुंबईहून दिल्लीला दोनदा जाऊन यायचं आणि शेवटी उतरायचं कुठे, तर निघालो होतो तिथेच.

बरं, त्या गेममध्ये चोवीस तासांत सूर्य मावळत नाही. दुपारी निघालेली गाडी दुसऱ्या दुपारपर्यंत त्याच लख्ख उन्हात पळत राहते. 1983 साली अटारीवर ‘एंड्युरो’ नावाचा गेम होता. चित्रं ठोकळ्यांची, पण त्यात संध्याकाळ होत होती, रात्री पुढच्या गाडीचे नुसते लाल दिवे दिसत होते, धुकं पडत होतं, बर्फ पडत होता. पहिल्या दिवशी दोनशे गाड्या मागे टाकायच्या, दुसऱ्या दिवसापासून तीनशे. वीस वर्षांत गाडीच्या बॉनेटवर ढगांचं प्रतिबिंब पडायला लागलं आणि रात्र मात्र गायब झाली, याला प्रगती म्हणायचं तर म्हणा. आमची पिढी लांबचं ड्रायव्हिंग शिकली ती सामुराई नावाच्या गेमच्या मशीनवर, कॅसेटवरच्या ‘रोड फायटर’मध्ये. त्यात शत्रू दुसऱ्या गाड्या नव्हत्याच, शत्रू पेट्रोलचा काटा होता. मधेच कडेने एक उडणारा माणूस जायचा, त्याला आम्ही सुपरमॅन म्हणायचो. तो दिसला की चाळीतली निम्मी पोरं टीव्हीसमोर जमायची. एवढ्याशा करमणुकीवर आम्ही तासन्‌तास काढलेत. ल माँमध्ये सुपरमॅनही नाही.

मग करमणूक कुठून आणायची? ती आपोआप येते. फक्त दार उघडं ठेवायचं, आणि लल्लूभाईमध्ये उन्हाळ्यात दार बंद ठेवून राहता येतच नाही.

पहिली आली आई, लसूण घेऊन. टीव्हीसमोर लसूण सोलायला बसणं हा तिचा कायमचा कार्यक्रम, मग समोर मालिका असो, बातम्या असोत की फ्रान्स असो. तासभर तिने निमूट पाहिलं. मग विचारलं, “हा पोचणार कुठे?”

“कुठेच नाही. गोल फिरतोय.”

“आणि ह्याने जेवायचं कधी?”

मी सांगितलं की तो पिटमध्ये थांबतो, तिथे टायर बदलतात, पेट्रोल भरतात. तिने पिट-स्टॉप नीट पाहून घेतला. “गाडीला दिलं सगळं,” ती म्हणाली, “त्याला पाण्याचा घोटसुद्धा नाही विचारला.” त्यानंतर प्रत्येक पिट-स्टॉपला मला काहीतरी मिळत गेलं. एकदा चहा, एकदा पोहे, एकदा नुसताच “डोळे फुटतील” असा आशीर्वाद. पोहे चमच्याने खायचे तर एक हात मोकळा हवा, म्हणून त्या लांब सरळ रस्त्यावर पोहे आणि वळणाला दोन्ही हात कंट्रोलरवर, असा बेत बसला. शेंगदाणे मात्र त्या बेतात बसत नाहीत, ते नेमके वळणाच्या तोंडावर दाढेखाली येतात.

संध्याकाळी सातला अडचण उभी राहिली. मालिकांची वेळ. सेव्ह होत नसलं तरी पॉज होतं, हे आमचं नशीब. पॉज करून टीव्ही केबलवर घ्यायचा, मशीन तसंच चालू ठेवायचं. पुढचे तीन तास ल माँची सगळी शर्यत, चालकांसकट, एका सासूच्या कारस्थानांसाठी खोळंबून राहिली. मशीनच्या त्या बारक्या दिव्याला कुणी हात लावायचा नाही, असा दम मी घरभर दिला होता. आईने हात लावला नाही. धूळ बसते म्हणून तिने त्याच्यावर टीव्हीचा भरतकाम केलेला रुमाल पसरला. साडेआठच्या ब्रेकमध्ये मी पाहिलं तर मशीनच्या पंख्याचा आवाज कुर्ला स्टेशनाएवढा झाला होता.

रात्री दहानंतर शेजारचे काका आले. काका बेस्टमधून निवृत्त झालेले ड्रायव्हर, देवनार डेपोचे. जेवल्यावर झोप येत नाही म्हणून ते गॅलरीत फेऱ्या मारायचे, त्यांनी दारातून पाहिलं आणि आत येऊन बसले ते बसलेच. लांबच्या शर्यतीत खरी रंगत काय असते हे मला त्या रात्री समजलं. काकांनी सुरुवात माझ्या चुकांपासून केली. इंडिकेटर नाही. आरसा बघत नाहीस. क्लच कुठाय? पुढच्या गाडीला इतकं चिकटून जातोस, त्याने ब्रेक मारला तर? मी म्हटलं, काका, शर्यत आहे. ते म्हणाले, “शर्यत आहे म्हणून पुढच्याला बायकोमुलं नसतात का?” त्यानंतर मला ओव्हरटेक करताना मनावर ओझं व्हायला लागलं.

बारा वाजता माझे डोळे मिटायला लागले. काकांनी ते हेरलं. बेस्टमध्ये म्हणे दुसरा ड्रायव्हर हजर झाल्याशिवाय गाडी सोडून उठायचं नसतं. “आण इकडे,” ते म्हणाले, “मी ड्युटी घेतो.” मी कंट्रोलर दिला आणि तिथेच चटईवर आडवा झालो. जाग आली तेव्हा काका ल माँच्या सरळ रस्त्यावर ताशी साठने, डाव्या बाजूने, कडेला धरून चालले होते. मागून येणाऱ्या गाड्या त्यांना वळसा घालून सुंईसुंई जात होत्या. एकेक गेली की काका तोंडाने बारीक ‘च्‌’ करायचे. मी पहिला होतो, काकांनी शेवटचा नंबर गाठला होता, तोही पुढच्यापासून कित्येक फेऱ्यांच्या अंतराने. पण त्यांची छाती फुगलेली होती. “बघ,” ते म्हणाले, “एक ओरखडा नाही.” त्या गेममध्ये गाडीला ओरखडा पडतच नाही, हे सांगायचा मला धीर झाला नाही.

या गेममध्ये ‘बी-स्पेक’ नावाचा एक प्रकार आहे. त्यात गाडी आपण चालवत नाही, कॉम्प्युटरचा ड्रायव्हर चालवतो आणि आपण त्याला सूचना करतो: जोरात जा, हळू जा, ह्याला मागे टाक, आता पिटमध्ये ये. वेळ तिप्पट वेगाने पळवताही येतो, म्हणजे चोवीस तासांचं काम आठ तासांत उरकतं. जगभरच्या खेळाडूंनी पुढे या ड्रायव्हरला प्रेमाने ‘बॉब’ असं नाव पाडलं. हा प्रकार जपान्यांनी शोधला असं कुणी म्हणालं तर मी मान्य करणार नाही. ड्रायव्हरच्या शेजारी बसून ‘जरा डावीकडून काढ’, ‘हॉर्न दे’, ‘ह्याला कशाला जाऊ दिलंस’ असं गाव येईपर्यंत बोलत राहणं ही आपली परंपरा आहे. भाड्याची सुमो केली की ड्रायव्हरच्या शेजारची जागा ज्या मोठ्या माणसाला मिळते, तो बी-स्पेकच खेळत असतो. फरक इतकाच की बॉब ऐकतो.

काकांना बॉब पसंत पडला नाही. सांगितल्याशिवाय काही करत नाही, म्हणाले, हा प्रोबेशनवरचा दिसतोय.

कंटाळ्यावर दुसरा उपाय आहे रबराचा. कंट्रोलरची उजवी कांडी पुढे दाबली की ॲक्सिलरेटर दाबला जातो, तेव्हा तिथे रबर ताणून बसवायचं, भिंत असलेला गोल ट्रॅक निवडायचा आणि गाडी भिंतीला घासत आपोआप फिरत ठेवायची. जगभरचे खेळाडू हे करतात. आमच्याकडचं रबर पार्सलच्या सांबाराच्या पिशवीचं असायचं, त्यामुळे गाडीला थोडा सांबाराचा वास यायचा. पण ह्यात मजा नाही. गाडी फिरतेय, घरात कुणी नाही, आणि बक्षीस मात्र रबराला.

रबर चालू नये म्हणूनच ‘डेझर्ट बस’ हा गेम तसा बनवला असावा, असा मला संशय आहे. अमेरिकेतले जादूगार पेन आणि टेलर यांच्यासाठी 1995 च्या सुमारास बनलेला, पण त्या वेळी बाजारात न आलेला हा गेम. अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनहून लास व्हेगासला बस न्यायची. वाळवंटातला सरळ रस्ता, वळण नाही, समोरून गाडी नाही, प्रवासी नाहीत, वेग ताशी 72 किलोमीटरच्या वर जात नाही. लागतात खरोखरचे आठ तास. बस सतत किंचित उजवीकडे ओढते, म्हणून हात काढता येत नाही. रस्त्याखाली गेलात तर टोइंगची गाडी येऊन बस परत टूसॉनला ओढत नेते, तीही तितकाच वेळ घेऊन. वाटेत एकदा काचेवर एक किडा येऊन आपटतो, तो या गेममधला थरारक प्रसंग. पोचल्यावर गुण मिळतो एक. मग विचारतात, परतीची ट्रिप करणार का?

काकांना हे सांगितलं तर ते हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “ओव्हरटाइम धरतात का?”

याच गेमवर 2007 पासून कॅनडात मुलांच्या मदतीसाठी निधी गोळा करतात. एक जण बस हाकतो आणि भोवतालची मंडळी गातात, नाचतात, वस्तूंचे लिलाव करतात, लोक पैसे देतात, आणि जितके पैसे तितके तास बस चालते. म्हणजे हाकणारा रडतकढत हाकतो आणि मैफल बाजूला. हे वाचलं तेव्हा मला आमच्या खोलीत काय चाललं होतं त्याचा उलगडा झाला. पहाटे तीनला माझी बहीण जागी होऊन भेंड्या सुरू करते, काका ‘ळ’ वरून अडतात, आई अंथरुणातून न उठता ‘ळ’ वरून गाणंच नाही म्हणून पुन्हा ‘ल’ घ्यायला सांगते, आणि मी कुणालाही न सांगता सहाव्या नंबरवरून पाचव्यावर येतो. तिकडे कुणाचं लक्ष असण्याचं कारणच नव्हतं.

ती शर्यत संपली नाही. सकाळी वीज गेली. विझलेल्या टीव्हीकडे बघत सगळे गप्प बसले, आणि मग मला धीर द्यायचा म्हणून काका म्हणाले, “डेपोत लागली असती ना, तरी काय, उद्या पुन्हा काढायचीच होती.” कितीतरी वर्षांनी, 2023 च्या जानेवारीत, ल माँची ऑनलाइन शर्यत झाली. तिच्यात फॉर्म्युला वनचा जगज्जेता मॅक्स व्हर्स्टॅपन आघाडीवर असताना त्याचा संपर्क तुटला आणि तो जाम भडकला. बातमी वाचून मी आईला दाखवली. तिने फोटो पाहिला. “ह्याच्याकडे पण लाइट जाते?” तिला बरं वाटलं.

आता मशीन माळ्यावर आहे आणि भाचा मोबाइलवर बस चालवतो. इंडोनेशियातल्या मालेओ कंपनीचा बसचा गेम आहे, 2017 सालचा. त्यात खेळणाऱ्यांना आपापल्या बसचा रंग चढवता येतो, म्हणून आपल्या पोरांनी त्यात लालपरी आणली आहे. जावा बेटावरच्या नारळांमधून आपली एसटी धावते. दिसतं थेट कोकण, फक्त रस्ता चांगला. भाचा तासन्‌तास ती चालवतो आणि वर तोंड करून मला सांगतो, “मामा, तुमच्या गेमला पॅसेंजर नव्हते, म्हणून बोअर व्हायचं.”

हे खरं नाही, पॅसेंजर होते. पण त्याच्याशी वाद घालायला मला वेळ नव्हता, कारण गणपतीच्या आदल्या रात्री आम्ही खऱ्या लालपरीत बसलो होतो. मानखुर्दहून निघून खाडीपूल ओलांडायलाच एवढा वेळ लागला की आईने डब्यातले पोहे उघडले. मुंबई–गोवा रस्ता रुंद करायचं काम 2011 साली सुरू झालं. ल माँवाले चोवीस तासांत आटोपतात, हे एक त्यांचं बरं आहे. वडखळच्या अलीकडे कुठेतरी बस उभीच राहिली. पुढे लाल दिवे, मागे पिवळे. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. भाच्याने मोबाइल काढला आणि बसमध्ये बसून बस चालवायला लागला. मागच्या सीटवरून दोन माना पुढे आल्या. पलीकडच्या एका आजोबांनी, ओळखपाळख नसताना, त्याच्या खांद्यावरून वाकून सांगितलं, “डावीकडून काढ रे, जागा आहे.”

आमचा ड्रायव्हर आरशातून बघत होता. म्हणाला, “नको हां. साइडपट्टी कच्ची असेल.”