उष्ण देशातला थंड सल्ला

गाडी तापते म्हटल्यावर आपल्याकडचा ठरलेला उपचार म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणे. ‘आपला देश गरम, इथे त्याचं काय काम?’ हा त्यामागचा सिद्धांत. गणित वेगळंच सांगतं. विदर्भातला मे ४५ अंशांवर पोचतो. इंजिनाला हवे असतात साधारण ९०. म्हणजे चंद्रपूरचं ऊनही इंजिनाच्या दृष्टीने गारठाच. कूलंट ८०-९० अंशांच्या दरम्यान पोचून थर्मोस्टॅटमधलं मेण वितळून फुगेपर्यंत झडप रेडिएटरची वाट अडवून धरते. झडपच काढली की इंजिन तापायला वेळ घेतं, थंड इंजिनाला जादा इंधन पाजावं लागतं आणि झीज वाढते.

‘पण काढल्यावर गाडी तापायची थांबली ना!’ हा हुकमी एक्का. थांबली असेलही, झडप बंद अवस्थेत अडकली असेल तर. मग नवी बसवायची, की कडी अडकते म्हणून घराचं दारच उखडायचं? दोष चोंदलेल्या रेडिएटरचा असेल, तर तो फक्त झाकला जातो. थर्मोस्टॅट घरी बदलणं अवघड, हाही आक्षेप असतो. काही नव्या गाड्यांत तो खराही आहे; पण बऱ्याच जुन्या गाड्यांत इंजिन पूर्ण गार झाल्यावर थोडं कूलंट काढायचं, दोन-तीन बोल्ट सोडायचे, नवं गॅस्केट लावायचं, कूलंट भरून हवा काढायची, एवढंच काम. जुनी झडप उकळत्या पाण्यात उघडते का, हेही पातेल्यात दिसतं. पण पुरावा हवाय कुणाला? सल्ला फुकट मिळतो आणि पेट्रोलचं बिल सल्लागाराच्या नावावर फाटत नाही.