उन्हाळी अभियंते

जर्मन विद्यापीठांचे उन्हाळी अभियांत्रिकी वर्ग काही आठवड्यांत उरकतात. प्रवेशाला गुणपत्रिका वगैरे पुरते; व्हिसाला ३०,००० युरोंचा आरोग्यविमा आणि बँकेचे उतारे लागतात, म्हणजे खरी परीक्षा वडिलांची. शेंगेनचा अल्पमुदतीचा व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसच राहू देतो. ज्ञानानेही तेवढ्यातच आटोपते घ्यावे. युरोपीय पद्धतीत एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचा अभ्यास धरतात. मोटार कारखान्याची भेट बहुधा त्यातच बसते, फाटकासमोरचे फोटो मात्र स्वखुशीचे. प्रयोगशाळेत आधी सुरक्षेचे व्याख्यान, मग सही, मग चष्मा. यंत्राला हात लागेपर्यंत जेवणाची सुट्टी होते. पुण्यात परतल्यावर बायोडेटात ‘जर्मनीत शिक्षण’ ठळक अक्षरांत येते. आठवड्यांचा आकडा तेवढा टंकताना गळतो.