चार जुलैकर

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास हा माणूस दर गल्लीत एक तरी सापडतो. वर्षभर तो चारचौघांसारखाच असतो. सकाळच्या गाडीने न्यूयॉर्कला कामाला जातो, शनिवारी ओक ट्री रोडवरून भाजी आणतो, रविवारी अंगणातलं गवत कापतो. जूनचा शेवटचा आठवडा लागला की मात्र त्याला अमेरिकेचं स्वातंत्र्य आठवतं. आडनाव देशपांडे असो, गायकवाड असो की नाईक, मित्रमंडळी त्याला 'जुलैकर' याच नावाने ओळखतात. कारण चार जुलैची पार्टी दरवर्षी त्याच्या घरी. कमीत कमी डॉलरांत जास्तीत जास्त देशभक्ती, हे त्या पार्टीचं एकमेव कलम.

आमंत्रण व्हॉट्सॲपवर येतं. 'यंदाही फोर्थ आमच्याकडे. कृपया कुणी काही आणू नये.' हे वाचून माणूस सुखावतो न सुखावतो तोच त्याच्याखाली एक तक्ता येऊन पडतो. कोशिंबीर कुणी, भात कुणी, बर्फ कुणी, घडीच्या खुर्च्या कुणी, सगळी नावं आधीच भरलेली. कोणी हळूच विचारलं की मग तू काय करणार, तर जुलैकर दुखावतो. अंगण त्याचं आहे, भाषण त्याचं आहे. पॉटलक ही अमेरिकन कल्पना आहे असं कोणी म्हणालं तर तो अंगतपंगतीचा इतिहास काढतो आणि ती आपल्याच शाळेच्या सहलीतून इकडे आली असं सिद्ध करून दाखवतो.

चार तारीख मंगळवारी वगैरे आली, तर पार्टी आधीच्या रविवारी. त्यालाही त्याच्याकडे शास्त्राधार तयार असतो. स्वातंत्र्याचा ठराव फिलाडेल्फियात मंजूर झाला २ जुलै १७७६ रोजी. चारला फक्त जाहीरनाम्याचा मसुदा संमत झाला. पुढच्या पिढ्या २ जुलैलाच रोषणाई करतील असं जॉन ॲडम्सने आपल्या बायकोला पत्राने कळवलंही होतं. जुलैकर हे सगळं सांगतो, पण दुसऱ्या दिवशी ऑफिस असल्यामुळे मंडळी लवकर उठतात आणि जेवणं एकदाच होतात, हे सांगत नाही.

खरेदी तीन तारखेला, कारण चारला कॉस्टको बंद. तिथे जुलैकर कलिंगडांच्या ढिगापाशी उभा राहतो आणि एकेका कलिंगडाला टिचकी मारून कान लावतो. मागे रांग खोळंबते. या एका फळावर त्याचा फार जीव, कारण त्यातलं काही वाया जात नाही. लाल गर पाहुण्यांना, पांढऱ्या गराची दुसऱ्या दिवशी थालीपिठं. बियांचं काय करायचं हा प्रश्न बरीच वर्षं सुटत नव्हता, मग त्याने बिनबियांचं आणायला सुरुवात केली.

सजावटीच्या बाबतीत तर तो पक्का कायदेपंडित आहे. जून महिन्यात दुकानं तारे-पट्ट्यांनी ओसंडून वाहतात. ध्वजाचे नॅपकिन, ध्वजाच्या थाळ्या, ध्वजाच्या अर्ध्या चड्ड्या. जुलैकर यांतलं काहीच घेत नाही. वापरून फेकून द्यायच्या वस्तूंवर, अगदी कागदी नॅपकिनवरसुद्धा ध्वज छापू नये आणि ध्वजाचा पोशाख करू नये, असं अमेरिकेच्या ध्वजसंहितेत लिहिलेलं आहे. ती मोडली म्हणून कोणी कुणाला पकडत नाही, म्हणून अख्खा देश ती आनंदाने मोडतो. जुलैकर काटेकोर पाळतो आणि साधे पांढरे नॅपकिन आणतो. देशभक्तीने पैसे वाचवणारा दुसरा कायदा त्याला अजून सापडलेला नाही.

तरी रंग तीन लागतातच. पांढरा सोपा, कारण तो दोन्ही देशांना समाईक. गेल्या पंधरा ऑगस्टच्या पांढऱ्या पताका इथे चालतात आणि इथून पुढच्या पंधरा ऑगस्टला जातात. लाल रंग गणपतीच्या मखरातून निघतो. निळ्याचं अडतं. सगळं एका डॉलरला विकणाऱ्या 'डॉलर ट्री' दुकानाने २०२१ साली तो भाव सव्वा केला, तेव्हापासून जुलैकर जगातल्या महागाईवर बोलतो आणि निळ्या पताका घेत नाही. त्याऐवजी पावसात जळाऊ लाकडं झाकायची निळी ताडपत्री कुंपणावर ताणून बांधतो. लांबून पाहिलं तर देशभक्ती वाटते. जवळून पाहिलं तर छपराचं काम काढलंय असं वाटतं.

स्वयंपाकघर आईच्या ताब्यात. जुलैकराचे आईवडील मे महिन्यात व्हिजिटर व्हिसावर येतात, ते ऑक्टोबरात परततात. या व्हिसावर अमेरिकेत काम करायला सक्त मनाई आहे. चार जुलैला सकाळपासून दीडशे बटाटेवडे तळणं हे सरकारच्या लेखी काम नसावं. हॉटडॉगचे पाव लादीपावापेक्षा स्वस्त पडतात, म्हणून वडा त्या लांबट पावात दोन-दोन करून बसतो. 'अरे, वडा गोल आणि पाव लांब, हा कसला देश?' असं आई दरवर्षी विचारते आणि दरवर्षी सगळे वडे तळते.

ग्रिल शेजाऱ्याचं. म्हणून शेजारी हा कायमचा निमंत्रित. तो बिचारा सहा फुटी गोरा माणूस ग्रिल ढकलत आणतो, सोबत बिअर आणतो, स्वतःच कणसं भाजत उभा राहतो. त्यावर लिंबू आणि तिखट-मीठ चोळायला आता तो आपल्यापेक्षा चांगला शिकलाय. गॅसच्या टाकीचा खर्च जुलैकर स्प्लिटवाइजवर, म्हणजे खर्च वाटून घ्यायच्या ॲपवर टाकतो, त्यात मात्र शेजाऱ्याचं नाव घालत नाही. इतकी माणुसकी त्याच्यात आहे.

गोडाला श्रीखंड, पण ध्वजाचं. ग्रीक योगर्ट रात्रभर फडक्यात टांगलेलं. मोठ्या तसराळ्यात पसरून त्यावर स्ट्रॉबेरीच्या फोडींचे लाल पट्टे आणि कोपऱ्यात ब्लूबेरीचे तारे. ब्लूबेरी विकत आणायची हे जुलैकराला अपमानास्पद वाटतं. शेतात लावायच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक १९१६ साली याच न्यू जर्सीत, व्हाइट्सबॉगला निघालं. दक्षिणेला हॅमन्टन गाव तर स्वतःला जगाची ब्लूबेरी राजधानी म्हणवतं. तिथे मळ्यात जाऊन आपल्या हाताने तोडायची सोय असते. पैसे बादलीतल्या फळांचे पडतात, पोटातल्या फळांचं वजन कोणी करत नाही. जुलैकर तिथे चार पोरांना घेऊन जातो, जेवणाच्या वेळेला. मग श्रीखंडावर मोजून पन्नास ब्लूबेरी लावतो. पन्नास ताऱ्यांचा झेंडाही ४ जुलैलाच, १९६० साली फडकला, म्हणजे आज त्याचाही वाढदिवस, हे लावता लावता सांगतो. एखाद्या पोराने मधलीच एक उचलून तोंडात टाकली तर विचारतो, 'कुठलं राज्य खाल्लंस?'

पोरांसाठी प्रश्नमंजूषा असते. नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी त्याने शंभर प्रश्न पाठ केले होते. प्रत्यक्षात विचारले जेमतेम सहा. बाकीचे चौऱ्याण्णव वाया जाऊ नयेत म्हणून तो ते दर जुलैला वापरतो.

त्यातल्या एका प्रश्नावर मोठ्यांतही खळबळ उडते. वसाहतींनी इंग्रजांशी लढाई का केली? उत्तर : प्रतिनिधित्व नसताना कर भरावा लागत होता म्हणून. यावर एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावरचा एखादा तरुण थाळी खाली ठेवतो. 'दादा, मीही इतकी वर्षं कर भरतोय. मत नाही, ग्रीन कार्डची तारीख नाही. मग मी काय करू?'

'रांगेत राहा,' जुलैकर म्हणतो. 'आधी कणसाच्या.'

मग भाषण. या भाषणासाठी तो वर्षभर जगतो. सूत्र एकच, की अमेरिकेचं स्वातंत्र्य मराठ्यांमुळे मिळालं. पुरावे असे. अमेरिकेची लढाई सुरू झाली १७७५ साली, इंग्रज-मराठ्यांचं पहिलं युद्धही १७७५ साली. इंग्रजांचा एक सेनापती साराटोगाला शरण गेला १७७७ मध्ये. १७७९ च्या जानेवारीत महादजी शिंद्यांनी वडगावला इंग्रजांना गुडघे टेकायला लावले. १७८१ मध्ये कॉर्नवॉलिस यॉर्कटाउनला हरला. 'तिकडे महादजींनी आणि नाना फडणविसांनी गुंतवून ठेवलं, म्हणून इकडे वॉशिंग्टनचं फावलं!' टाळ्या पडतात. शेजारीही वाजवतो, काय चाललंय ते न कळता.

जुलैकराचे वडील खुर्चीतून विचारतात, 'वॉशिंग्टनला हे ठाऊक होतं का रे?'

'ठाऊक असायची गरज काय, बाबा? फायदा झाला ना!'

'मग पुढचंही सांग की. इथे हरलेल्या त्या कॉर्नवॉलिसला पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल करून आपल्याच डोक्यावर बसवला. आणि टिपूवर चाल करून जाताना आपले मराठेच त्याच्या सोबतीला होते.'

हा भाग भाषणात नसतो. जुलैकर घाईने चहा मागवतो. १७७३ साली बोस्टनच्या लोकांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाची ३४२ खोकी समुद्रात फेकली, ही त्याच्या मते त्या क्रांतीतली एकमेव अक्षम्य गोष्ट. इतका चहा वाया घालवायचा म्हणजे काय!

अंधार पडायला नऊ वाजतात. आतषबाजी गावाची, म्हणजे फुकट. ती अंगणातल्या खुर्च्यांवरूनच दिसते आणि त्या खुर्च्या पाहुण्यांच्या असतात. घरचं म्हणून फुलबाज्या. न्यू जर्सीत उडणारे आणि फुटणारे फटाके घरी लावायला बंदी आहे, फुलबाज्यांना २०१७ साली परवानगी मिळाली. जुलैकराची ही व्यवस्था तर अर्थशास्त्राच्या पुस्तकात जावी अशी. पाच जुलैला फुलबाज्यांचे भाव कोसळतात, तेव्हा तो दिवाळीची खरेदी करतो. दिवाळीला उरलेल्या त्या गॅरेजमध्ये ठेवून चार जुलैला काढतो. दोन्ही सणांना फुलबाज्या सादळलेल्या असतात. एक पेटवायला तीन काड्या आणि एक आजोबा लागतात. पेटलीच तर पोरं इतकी ओरडतात की गावाची आतषबाजी फिकी पडावी.

निघताना प्रत्येकाच्या हातात दह्याचा रिकामा डबा येतो, उरलेल्या श्रीखंडाने भरलेला. झाकणावर मार्करने लिहिलेलं असतं, 'डबा परत'.

इतकं सगळं सांगितल्यावर जुलैकर कंजूष आहे असं वाटेल. ते खरंच आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याचा तो तक्ता नीट पाहिला तर त्यात काही नावांपुढचा रकाना कोरा असतो. नुकतीच शिकायला आलेली मुलं, नोकरी गेलेला एखादा, घरी एकटी राहणारी एखादी काकू. त्यांनी काही आणायचं नसतं आणि स्प्लिटवाइजवर त्यांचं नावही चढत नाही. डबा मात्र त्यांनाही परत करावाच लागतो, आणि तो द्यायला पुन्हा जुलैकराच्या घरी जावं लागतं.

तेव्हा तुम्ही त्या बाजूला असाल आणि 'कुणी काही आणू नये' असं आमंत्रण आलं, तर जरूर जा. खुर्ची आपली न्या, कोशिंबीर मोठ्या भांड्यात न्या आणि महादजींवर वाद घालू नका. वडे गरम असतात.