मांसाहारत्यागाची कारणे

पिंपळे गुरवमध्ये मांसाहार सोडण्याचे सर्वांत सार्वत्रिक कारण पंचांग होय. आषाढातल्या दीप अमावास्येला गटारी, दुसऱ्या दिवशी श्रावण. अमावास्या सोमवारी आली, तर गटारी आदल्या रविवारीच उरकतात. धर्म असा सुट्टीशी जुळवून घेतो. काहींचा त्याग अनंत चतुर्दशीपर्यंत टिकतो.

तुळशीची माळ हे त्याहून गंभीर कारण. देहू-आळंदी जवळ, माळ घातली की मांस-मद्य कायमचे बंद.

डॉक्टरांनी घडवलेल्या त्यागात ‘पीस नको, नुसता रस्सा’ ही तडजोड ग्राह्य धरतात. भाडेकरूचे कारण घरमालक ठरवतो. या त्यागाची मुदत अकरा महिने, करारापुरती.

प्राणिदया क्वचित आढळते, बहुधा कॉलेजातल्या मुलांत. सुकट त्यात मोडत नाही, असे त्यांच्या आजीचे मत.