पिवळा कपलर

आमच्या वायरिंगवाल्या भाऊंना कमरेच्या वर पाहिलेली माणसं नागपुरात थोडीच असतील. चौकातल्या कडुलिंबाखाली गाडीच्या उघड्या दारातून दोन पाय बाहेर लोंबत असले अन् चपला रस्त्यावर जोडीनं काढलेल्या असल्या, तर ते भाऊ. जे सांगायचं ते पायांना सांगायचं. आतून ‘ऊं’ येतो, कारण तोंडात खर्रा. आखूड ऊं म्हणजे फ्यूज, दोन ऊं म्हणजे सेल्फ, लांबलेला ऊं म्हणजे एटीएम शोधा.

भीती हा प्रकार त्यांना ठाऊक नाही. हॉर्नची वायर दातानं सोलतात. टेस्ट लॅम्प जानव्यासारखा खांद्यावरून आडवा.

मे महिना. मी एअरबॅगचा लाल दिवा पेटलेली गाडी नेली. भाऊंनी ड्रायव्हरच्या सीटखाली मोबाइलचा टॉर्च मारला, अन् भलतंच घडलं. ते बाहेर आले, नालीपर्यंत चालत गेले, नुकताच घोटून घेतलेला अख्खा खर्रा थुंकले आणि चूळ भरली.

“साहेब, पिवळा हाये.”

पिवळा कपलर म्हणजे एअरबॅगची लाइन. भाऊंनी बॅटरीचा मायनस काढला, जानवं फांदीला टांगलं आणि स्टुलावर बसले. “करंट आत साठून राह्यते. दहा मिनिटं हात नाही लावाचा.”

रिकाम्या तोंडाचे भाऊ! वर्षभराचे ऊं त्या दहा मिनिटांत सविस्तर बाहेर पडले. एअरबॅग ड्रायव्हरला 2019 मध्ये सक्तीची झाली, शेजारच्याला 2021 संपता संपता, अन् आता बाजूची बॅग सीटच्या पाठीतच शिवून येते, म्हणून वायर सीटखालून. लाइनीत मोजून दोनेक ओहम. पिन जराशी ढिली झाली की आकडा वाढतो आणि दिवा पेटतो. “अन् थो टेस्ट लॅम्प लावला त तेवढ्या करंटनंही बॅग फुटू शकते. माह्यं थोबाड तिथंच राह्यते ना!”

मग प्रश्न आला. “सीट कोन मागंपुढं करते?”

मी मागं घेतो, बायको पुढं.

“अन् मधात हे कोन ठेवलं?” त्यांनी सीटखालून माझी छत्री ओढली. गेल्या पावसाळ्यापासून तिथंच होती. तिची एक काडी वायरीत अडकलेली. आमच्या संसारातल्या प्रत्येक मागंपुढं-ला तिनं कपलर ओढला होता. लॉक तुटलेलं, एक पिन आत सरकलेली.

वाटलं, आता पिळतील अन् टेप मारतील. छे. खोक्यातून त्याच मॉडेलच्या भंगार गाडीचा कपलर निघाला. पिना एकेक दाबून बसवल्या, वर स्लीव्ह चढवली, वायर रुळापासून दूर बांधली. हे सगळं होईस्तोवर खर्रा नाही, शिवी नाही, सत्यनारायणाला बसल्यासारखे. मायनस जोडताना मला गाडीपासून लांब उभं केलं. शेवटी पुतण्याच्या स्कॅनरनं जुना फॉल्ट पुसला. लाल दिवा लागला, चारदोन सेकंद रेंगाळला, गेला.

“किती झाले?”

तोवर नवी पन्नी उघडली होती. उत्तर आलं, लांबलेलं.

पैसे दिले, वर छत्रीही त्यांच्याकडेच ठेवून आलो. परवा बायकोला घेऊन त्या चौकातून गेलो, तर एका गाडीतून बाहेर आलेल्या दोन पायांवर ती उघडून धरलेली. बायकोनं ओळखली. माझ्याकडे पाहून म्हणाली, “ऊं?”