एकरभर सोयाबीन मनगटावर

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या जळकोटात कुठल्याही वस्तूची किंमत शेवटी क्विंटलात निघते. रुपयांत सांगितली, की समोरचा आधी आढ्याकडं बघतो, मनातल्या मनात भागाकार करतो आणि मग त्याचा चेहरा उतरतो. माझं नवं घड्याळ पंचवीस-तीस हजारांच्या घरातलं आहे, हे कळल्यावर वडिलांनी सोयाबीनचा २०२४-२५ चा हमीभाव धरला. क्विंटलला ४८९२ रुपये. अडतीवर तेवढा कुठं मिळतोय, हेही त्यांनीच वर ऐकवलं आणि निकाल दिला, "एका एकराचं सोयाबीन हाताला बांधून हिंडायलास की रं!"

या घड्याळाची केस आणि चेन एकाच अंगाची. चेन केसमधूनच खाली उतरत येते, बाजारातला साधा पट्टा तिथं बसत नाही. ही घड्याळं 'स्पोर्ट' म्हणून विकली जातात. त्यांचा मूळ पुरुष म्हणजे ऑडेमार पिगे या स्विस कंपनीचं 'रॉयल ओक'. जेराल्ड जेंटा नावाच्या कारागिरानं ते काढलं, आठ कोनांचं, तोंडावर आठ स्क्रू उघडे ठेवलेलं. अंगावर साधं स्टील, पण किंमत सोन्याच्या कित्येक घड्याळांहून जास्त. साल १९७२. आमच्याकडची म्हातारी माणसं हे साल उच्चारतात, ते मिलोच्या लाल भाकरी आणि सुकडीच्या संदर्भात. मराठवाडा दुष्काळी कामावर खडी फोडत होता, त्याच वर्षी स्वित्झर्लंडात लोखंडाला सोन्याहून जास्त भाव मिळाला. हे मी आमच्या सराफाला सांगितलं, तेव्हा त्यानं मला पाणी पाजलं.

पुढं ही थेरं हळूहळू आपल्या खिशापर्यंत उतरली. टिसोनं १९७८ सालचं पीआरएक्स २०२१ मध्ये पुन्हा बाजारात आणलं, २०२२ मध्ये सिटिझनचं त्सुयोसा आलं. माझं घड्याळ याच भावकीतलं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण नाव सांगितलं की मोकळेपणानं नावं ठेवता येत नाहीत.

तर चेन. ती येते पैलवानाच्या मनगटाच्या मापाची. मग उदगीर गाठायचं आणि कड्या काढून घ्यायच्या. तिथल्या घड्याळवाल्यानं काढलेल्या कड्या कागदाच्या पुडीत बांधून हातात दिल्या. "जपून ठेवा सर, अंग सुटलं की लागतेत." कड्या कमी केल्या तरी चेन ऋतूप्रमाणं वागतेच. मे महिन्यात मनगट फुगतं आणि ती बेडीसारखी आवळते, थंडीत ढिली होऊन तळहातावर येते. अधल्यामधल्या काळात हातावरचे केस उपटते.

पण गावाला खरं कोडं पडलं ते ऑटोमॅटिकचं.

"ह्येला सेल कुठं टाकतेत?" हॉटेलात एकानं घड्याळ उलटंपालटं करत विचारलं.

"सेल नसतो."

"मग रोज चावी द्यावी लागत असंल."

"चावीबी नाही. हात हलला की आपोआप बसते."

त्यानं घड्याळ परत माझ्या हातात ठेवलं. "म्हंजी काम करणाऱ्याचं घड्याळ हाय की हे. तुमी कशाला घेतलाव?"

घड्याळाच्या पोटात एक अर्धगोल वजन असतं. हात हलला की ते गरगर फिरतं आणि स्प्रिंग गुंडाळली जाते. स्प्रिंग पुरती भरली, की माझं घड्याळ चाळीसेक तास चालतं. हिशेब सोपा आहे. शनिवारी दुपारी शाळेतून येऊन उतरवून ठेवलं, तर सोमवारी पहाटे बंद. म्हणजे रविवारी मी काय केलं याचा पंचनामा सोमवारी सकाळी टेबलावर तयार असतो. पूर्वी फळ्यावर लिहिताना हात वरखाली व्हायचा. आता वर्गात पडद्यावर चित्रं दिसतात, मी एक बटण दाबतो, आणि एका बोटावर स्प्रिंग भरत नाही.

घरातून उपाय सुचवला गेला. "अहो, भाकरी थापताना मी घालते. दहा भाकरीत भरून देते." घड्याळवाल्याला विचारलं, तर त्यानं दणके बसू देऊ नका म्हणून बजावलं. शिवाय तिच्या मनगटाला अजून कड्या काढाव्या लागल्या असत्या आणि पुड्या वाढल्या असत्या.

वडिलांकडं एचएमटी आहे, लग्नात सासरवाडीनं दिलेलं. त्या काळी जावयाला घड्याळ आणि अंगठी हा किमान भाव होता. त्यामुळं आजही माझ्या मनगटाकडं बघून जुनी माणसं विचारतात, "सासऱ्यानं दिलं का?" एचएमटीनं १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीनं घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये ती शाखा बंद झाली. वडिलांचं घड्याळ मात्र रोज संध्याकाळी चावी खाऊन चालू आहे. माझं दिवसाला वीस-तीस सेकंद मागंपुढं होतं, आणि तसं होणारच, असं पुस्तिकेतच छापलेलं आहे. ते चालण्यासारखं आहे. लग्नाच्या पत्रिकेत आपण '१२ वाजून ३५ मिनिटांनी' छापतो आणि अक्षता अडीचला पडतात. वीस सेकंदांचं काय घेऊन बसलात?

माझी अडचण 'स्पोर्ट' या शब्दापाशी आहे. कुस्तीगीर हरिश्चंद्र बिराजदार आमच्या लातूर जिल्ह्यातले. पण घड्याळ बांधून आखाड्यात उतरलेला पैलवान मी अजून बघितलेला नाही. कबड्डी असो की कुस्ती, खेळणारा आधी हातातलं काढतो आणि कडेला बसलेल्या माणसाकडं देतो. याचा अर्थ स्पोर्ट घड्याळ हे न खेळणाऱ्या माणसासाठीच बनवलेलं असतं, आणि त्या दृष्टीनं कंपनीनं गिऱ्हाईक बरोबर हेरलं आहे.

परवा शनिवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर कबड्डीचा सामना होता. पोरांनी आपापली डिजिटल घड्याळं माझ्याकडं दिली. "सर, हातातच घाला, खिशातून पडतेत." एका मनगटावर चार घड्याळं चढली. सामना अटीतटीचा झाला, मी कडेला उभा राहून घसा बसेपर्यंत ओरडलो, दोन्ही हात वर करून नाचलोसुद्धा. घरी येऊन घड्याळ टेबलावर काढून ठेवलं.

सोमवारी सकाळी चहा ठेवताना बायकोनं घड्याळाकडं बघितलं. ते टिकटिकत होतं, तारीखही बरोबर होती. तिनं ते उचलून कानाला लावलं आणि माझ्याकडं संशयानं बघितलं.

"काल शेताकडं गेलतात का काय तुम्ही?"